तुझ्या जागी बसलेला डबा

वहिनी,

तुझी तेरवी व्यवस्थित पार पडली. कुठलंही कार्य झालं की तू आधी जेवणाचं विचारायचीस, म्हणून आधी तेच सांगतो. वांग्याची भाजी झकास होती, वरणात मीठ कमी होतं आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत पुऱ्या गार झाल्या. आचाऱ्याला कोणी बोललं नाही. बोलणारी फोटोत होती.

फोटो कोणता लावला, माहीत आहे? परीक्षेच्या फॉर्मसाठी काढला होता तो. तुझा एकटीचा दुसरा फोटो घरात सापडलाच नाही. सगळ्या फोटोंत तुझ्या कडेवर कोणीतरी, मांडीवर कोणीतरी, नाहीतर हातात परात. दादा म्हणाला, हाच मोठा करून आण. मी वर्धेला जाऊन मोठा करून आणला. लोक म्हणाले, तरुणपणचा फोटो लावला वाटते. तो फोटो तुला जबरदस्तीनं स्टुडिओत बसवून मीच काढून घेतला होता, आणि त्या फोटोतली बाई माझ्याकडे असं पाहते की हारामागे तोंड लपवावंसं वाटतं. हार तुझ्या गळ्यात होता, म्हणून तेही जमलं नाही.

मी पाल्हाळ लावतोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, भाऊजी, गाडी सुटली, आता बोला. मी हाफ पँटीतून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हापासून तू मला भाऊजी म्हणायचीस आणि तुमी-आमी करायचीस. मी तुला पहिल्या दिवसापासून तू म्हणायचो. रीतच तशी होती. कितीतरी गोष्टी रीतच तशी म्हणून पचवल्या मी. माझं पचन फार चांगलं, आणि ते कोणाच्या हातच्या डब्यानं झालं हेही मला ठाऊक आहे.

दादासोबत तुझं साक्षगंध आष्टीला तुझ्या घरी झालं तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. तिथं माझं काम एकच, चिवडा खाणं. तो खाता खाता मी सगळं ऐकलं, म्हणून मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तुझ्या वडलांनी हात जोडून सांगितलं की पोरगी रोज एसटीनं आर्वीला जाते, बी.ए.ची दोन वर्षं झाली, एकच राहिलं. आमचे बाबा मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "कायले राहीन? आमच्या आंजीवरूनच वर्धेची गाडी जाते. बसन अन् जाईन. कॉलेज बदलाचं, बस." तू आतल्या दारात उभी होतीस. तू हसलीस ते दादाकडे पाहून, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटतं तू गाडीकडे पाहून हसलीस.

मेमध्ये तू आलीस आणि जूनमध्ये मला वर्धेच्या पॉलिटेक्निकला नंबर लागला. डिप्लोमा, मेकॅनिकल. घरात पहिल्यांदाच कोणी यंत्राचं शिकणार होतं. आतापर्यंतचं आमचं यंत्रज्ञान म्हणजे फवारणीचा पंप, तोही दादानं आपटल्यावरच चालायचा. मी वर्धेतच सिंदी मेघेला दोन पोरांसोबत खोली घेतली. आईनं जाहीर केलं की मेसच्या जेवणानं पोराचं पोट बिघडेल, घरचाच डबा जाईल. आणि आर्वीहून वर्धेला जाणाऱ्या त्या सकाळच्या गाडीत, जिच्यात तू बसून जाणार होतीस, डबा बसून जायला लागला.

डबा तू रुमालात बांधायचीस. थांब्यावर येऊन ड्रायव्हरमागच्या बाकड्यावर, खिडकीच्या बाजूला ठेवायचीस. मी वर्धेच्या स्टँडवर उभा असायचो. इंगळे कंडक्टर मला तो देताना रोज एकच विनोद करायचे, की बाप्पू, हा डबा मोठ्या माणसाची जागा अडवते, याचं हाफ तिकीट काढत जा. मी रोज हसायचो. आज सांगतो, त्या विनोदात विनोद नव्हता. खरंच जागा अडवली होती त्यानं.

तुला कोणी नाही म्हणालं नाही. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धत नव्हती. आमच्याकडे 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणत. पहिल्या वर्षी माझा डबा होता. दुसऱ्या वर्षी डबा होता आणि तुला दिवस गेले होते. तिसऱ्या वर्षी डबा होता आणि पोरगी रांगायला लागली होती. डबा मात्र कधी चुकला नाही. एकदा डब्यात झुणका होता आणि मी रविवारी घरी आल्यावर तुला ऐटीत सांगितलं की तिखट जास्त झालं होतं. तू म्हणालीस, "बरं, भाऊजी." त्या खोलीतली दोन्ही पोरं तुझ्या झुणक्यासाठी माझ्याआधी स्टँडवर जायची, हे सांगायचं राहून गेलं. आता सांगून काय उपयोग, पण सांगतो.

डिप्लोमाला मला बरे मार्क पडले. त्या काळी डिप्लोमावाल्यांतल्या मोजक्या पोरांना इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात घेत, पहिलं वर्ष माफ. माझा नंबर अमरावतीला लागला. मी घरी येऊन सांगितलं, तिसरं वर्ष पास झालो, आता दुसऱ्या वर्षाला अमरावतीला जायचं आहे. आईनं देवासमोरची साखर परत डब्यात ठेवली.

बाबांनी मला बाहेर नेऊन, पोटाशी धरून विचारलं, का रे, काही गडबड झाली का? मी समजावलं. त्यांना समजलं असं त्यांनी दाखवलं. पण चक्कीवर, पारावर, न्हाव्याकडे बातमी गेली ती अशी की पाटलाचा लहाना पोट्टा तिसरीतून दुसरीत बसवला आणि वर्धेतून काढून अमरावतीला पाठवला. न्हाव्यानं तर माझे केस कापता कापता सांत्वन केलं, की होते बाप्पू, माह्या भाच्याचंही असंच झालतं, आता त्याचं पानाचं दुकान चांगलं चालते. मी किती जणांना समजावणार? मी चिडून सांगणंच सोडून दिलं. शिकलेल्या माणसाचा तो पहिला गुण माझ्यात लवकर आला.

तू नाही सोडलंस. चक्कीवर दळण घेऊन उभी असताना तू बायकांना सांगितलंस, हे मला पुढे आईकडून कळलं. तू म्हणालीस की भाऊजी आतापर्यंत थांबत थांबत जाणाऱ्या गाडीत होते, आता लांब पल्ल्याची गाडी धरली. ती गाडी मागून निघालेली असते, भाऊजी तिच्यात मधातल्या थांब्यावर चढले. मागच्या थांब्याचं तिकीट त्यांना माफ. साऱ्या गावाला एका दमात समजलं. मी पुढे नोकरीच्या मुलाखतीत हेच इंग्रजीतून सांगायचा प्रयत्न केला, तर साहेबाला नाही समजलं.

मी निघालो त्या दिवशी तू थांब्यावर आली होतीस. दादा शेतात गेला होता, बाबांचा गुडघा धरला होता. या वेळी आपण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होतो, आर्वीकडे जाणाऱ्या गाडीसाठी, कारण अमरावतीला आर्वीवरून जायचं. तुझ्या कडेवर पोरगी, हातात माझी पिशवी. तू रस्त्याकडे पाहत विचारलंस, "भाऊजी, बी.ए.ले असं देतात का? मधातून?"

आणि मी सांगायला लागलो. टीसी काढावी लागते, युनिव्हर्सिटी एकच असेल तर सोपं, पण गॅप पडला की प्रतिज्ञापत्र लागतं, मग प्राचार्यांच्या मर्जीवर असतं. नुकतीच ही सगळी चौकशी मी माझ्यासाठी केली होती, त्यामुळे मला ते कीर्तनासारखं पाठ होतं. तू मान हलवत ऐकत होतीस. मी बराच वेळ सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. फक्त कोणासाठी विचारतेस, ते विचारलं नाही. तू म्हणालीस, "बरं."

गाडी आली ती भरलेली. तू पोरीला माझ्या हातात दिलंस, पदर खोचलास, धावत गेलीस आणि खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरलीस. मी पाहतच राहिलो. आर्वीला कॉलेजात जाताना तू अशीच जागा धरायचीस म्हणे. एवढी चपळ तू मला त्याआधी कधी दिसली नव्हतीस, आणि नंतरही नाही. मी त्या रुमालावर बसून अमरावतीला गेलो. तो रुमाल मी जपून ठेवला असता तर ही गोष्ट किती छान झाली असती. पण तो तिथल्या मेसमध्ये पहिल्याच महिन्यात हरवला. कोणीतरी त्यानं टेबल पुसत होतं, असं अंधूक आठवतं. तो कोणीतरी मीच असण्याची शक्यता आहे.

अमरावतीला डिप्लोमावाला म्हणजे मागच्या दारानं आलेला. वर्कशॉपमध्ये आम्ही राजे, गणिताच्या तासाला आम्ही भिंत. जे पहिल्या वर्षाला शिकवून झालं होतं, ते आम्हाला माफ होतं, म्हणजेच येत नव्हतं. पहिल्याच परीक्षेत मी गणितात गचकलो. गावातल्या न्हाव्याची भविष्यवाणी अशी अर्धी तरी खरी ठरली. तुला ते कळलं तेव्हा तू आर्वीच्या गाडीनं शेवेचे लाडू पाठवलेस आणि निरोप दिलास की भाऊजींना म्हणा, मधातून चढलेल्याला सुरुवातीला उभंच राहावं लागते, पुढं जागा भेटते. भेटली. मी डिग्री घेतली, बुटीबोरीला कारखान्यात लागलो, लग्न झालं. माझी गाडी बदलून कितीतरी वर्षं झाली होती. तुझी जागा मात्र मोकळी झाली नाही. डबा गेला, तर पोरीची शाळा आली. मग आईचा मोतीबिंदू, बाबांचं आजारपण, दादाचा संत्र्याचा बगीचा.

मला जाग कधी आली, सांगू? माझ्या पोराच्या बारशाला. कोणीतरी तुझ्या पोरीला विचारलं, तुझी आई किती शिकली? ती म्हणाली, "आईचं सुटलं." जसं दूध सुटतं, जसं वासरू सुटतं. मी बाजूलाच पेढे वाटत होतो. दुसऱ्या दिवशीच मी तुझ्या मागे लागलो.

आता मी हुशार झालो होतो ना. मी तुला आर्वीला नेऊन टीसी काढली. तिथला बाबू म्हणाला की एवढ्या वर्षांनी ही टीसी न्यायला येणारी तुम्ही पहिल्याच, ताई. वर्धेच्या कॉलेजात प्रवेश घेतला. स्टुडिओत फोटो काढला, तोच तो. तू दर पावलाला म्हणत होतीस, "राहू द्या ना, भाऊजी." मला वाटलं, संकोच. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याचं नाही म्हणजे नेहमी संकोचच वाटतो.

तू कॉलेजात गेलीस मात्र. दादानं खिचडी टाकायची जबाबदारी घेतली आणि पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी छताला लागली. म्हणून तू पहाटे उठून सगळं करून जायला लागलीस. परत आलीस की संध्याकाळचं होतंच. मी रविवारी येऊन तुझी वही तपासायचो. मास्तरकी करायला मला भारी आवडतं. मी तुला शिक्षण देतोय असं मला वाटत होतं. खरं तर मी तुला एक जादा पाळी दिली होती, बिनपगारी.

त्या सगळ्यात तुला एक गोष्ट आवडली, आणि ती तू मला सांगितलीस तेव्हा अंगणात गहू निवडत होतीस. वर्गात हजेरी घेतात, ती. "ते सर म्हनतात, सुनंदा. मी पयल्या दिवशी मागं वळून पाह्यलं, कोनाले बोलावते म्हून." मग तू गव्हातला खडा उचलून टाकलास आणि म्हणालीस, इतक्या वर्षांत त्या घरात कोणी ते नाव घेतलं नव्हतं. खरंच. आई तुला सूनबाई म्हणायची, दादा 'ऐकलं का' म्हणायचा, पोरगी आई, आम्ही सारे वहिनी. मी घरी जाऊन माझ्या बायकोला नावानं हाक मारली, तर ती घाबरून म्हणाली, काय झालं?

पेपर चांगले गेले. शेवटचा इंग्रजीचा राहिला. आणि इथं माझी कामगिरी येते.

मी नुकतीच सेकंडहँड कार घेतली होती. मला वाटलं, शेवटच्या पेपराला माझी वहिनी एसटीत लोंबकळत जाणार नाही, गाडीनं जाईल. तू म्हणालीस, मी सकाळच्या गाडीनं जाते, ती वेळेत पोचते. मी ऐकलं नाही. पोरांनी गाडीला हार घातला. आईनं लिंबू ठेवलं. एप्रिलचं ऊन. आंजी सोडून थोडं पुढे गेलो आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. पंख्याचा पट्टा तुटला होता.

मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि मेकॅनिकलची डिग्री असलेला तुझा दीर बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला. तुझ्याकडून रुमाल घेऊन पट्ट्याच्या जागी बांधून पाहिला. तो एका फेऱ्यात फाटला. माझ्या हातून गेलेला तुझा दुसरा रुमाल. तेवढ्यात मागून आर्वीची गाडी आली. तीच, सकाळची. ड्रायव्हरनं वेग कमी केला. इंगळे कंडक्टर आता पिकले होते, त्यांनी दारातून वाकून विचारलं, "ताई, येता का? पेपर हाये ना आज?"

आणि मी बॉनेटमधूनच हात वर करून म्हणालो, "झालंच, झालंच, पाच मिनिटं."

तू गाडीकडे पाहिलंस. खिडकीतली एक जागा रिकामी होती, मलासुद्धा दिसली. तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या शर्टाला काळं लागलं होतं आणि चेहरा, मला वाटतं, रडवेला झाला असावा. तू म्हणालीस, "जाऊ द्या जी, भाऊजी दुरुस्त करून राह्यले."

इंगळेंनी घंटी मारली.

माझी पाच मिनिटं कशी होती, तुला माहीत आहे. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं आपल्याला पोचवलं. कॉलेजच्या गेटवरच्या माणसानं घड्याळ दाखवलं आणि नियम सांगितला. नियम बरोबरच होता. मी भांडलो, हातापाया पडलो, मी इंजिनिअर आहे असंही म्हणालो, कशासाठी ते मलाच कळलं नाही. तू तोवर कडुनिंबाखाली बसून डबा सोडलास. तू पेपरानंतर खायला आणला होतास. मला हाक मारलीस. मी मान खाली घालून बसलो तर तू माझ्या हातावर पोळी ठेवलीस आणि अगदी गंभीरपणे म्हणालीस, "पट्ट्याचं पयल्या वर्षाले शिकवत असतीन, भाऊजी. थे तुमाले माफ होतं."

आणि हसायला लागलीस. इतकी हसलीस की ठसका लागला. मीही हसलो. मला आजही कळत नाही, त्या दिवशी आपण दोघं कसे हसलो.

मग सुरू झालं आपलं ते भांडण, जे संपलंच नाही. मी म्हणायचो, एकच पेपर राहिला आहे, पुढच्या खेपेला फॉर्म भरू. तू म्हणायचीस, भरजा, पहिले जेवून घ्या. एकदा मी फार चिडलो. म्हणालो, तुलाच शिकायचं नव्हतं, मी उगाच धावपळ केली. फार वाईट बोललो. तू भाकर थापत होतीस, हात थांबला नाही.

"तवा मले घरातून निंगाचं होतं, भाऊजी," तू म्हणालीस. "तुमी नेलं तवा मले घरी लौकर याचं राहे."

कुठलं काम कोणत्या थांब्यावर करायला हवं होतं, हे मी जन्मभर उशिरा शिकलो. मधातून चढण्याची मला सवय, पण तुझा थांबा निघून गेला तेव्हा मी खाली उतरून कधी पाहिलंच नाही.

तरी मी फॉर्मचं विचारणं सोडलं नाही. दिवाळीला, संक्रांतीला, पोळ्याला. तो आपला खेळच झाला. तुझ्या पोरीचं लग्न झालं, तिला पोरं झाली, तरी मी दारातून आत पाऊल टाकलं की म्हणायचो, वहिनी, फॉर्म? एकदा माझ्या बायकोनं तुला विचारलं, वहिनी, देऊन टाका ना एकदाचा पेपर, यांचं तोंड तरी बंद होईल. तू तिला हळूच म्हणालीस, मला ऐकू येणार नाही अशा बेतानं, पण मला ऐकू आलं: "राहू दे. पास झाली तं भाऊजींले याले निमित्त काय राहीन?"

मी आलो नसतो असं तुला वाटायचं, वहिनी? मी स्वतःला विचारतोय. आलो असतो. पण इतका आलो असतो का? शिकलेला माणूस, कारखान्याची नोकरी, नागपूरचा फ्लॅट. तू मला माझ्यापेक्षा बरी ओळखायचीस. माझ्या मनात जे टोचत होतं, ते तू काढून टाकलं नाहीस. त्याच दोरीनं मला गावाशी बांधून ठेवलंस. आभार मानू की माफी मागू, मला अजून ठरवता येत नाही.

शेवटचं तुला भेटलो ते वर्धेच्या दवाखान्यात. तू बारीक झाली होतीस. मी पलंगाजवळ बसून वेड्यासारखा हवामानावर बोललो, संत्र्याच्या भावावर बोललो, तुझ्या नातवाच्या दातांवर बोललो. निघताना तू माझ्या हाताला हात लावून म्हणालीस, "या खेपेले फॉर्मचं नाई इचारलं, भाऊजी?"

मी म्हणालो, विसरलोच. तू मान हलवलीस, थांब्यावर हलवली होतीस तशी. म्हणालीस, "बरं."

मी विसरलो नव्हतो. बाहेर डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, त्यानंतर विचारायचं धाडस झालं नाही. आणि मी न विचारल्यावरून तुला सगळं कळलं. तुझ्यापासून लपवायचं म्हणून साऱ्या घरानं ठरवलं होतं, आणि सांगून टाकलं मी, गप्प बसून.

तेरवी आटोपून काल निघालो. कार आणली नव्हती. आजकाल माझी कार चांगली आहे, पट्टा कधी तुटत नाही, पण आणावीशी वाटली नाही. दादा थांब्यापर्यंत सोडायला आला. तो आधीही बोलत नव्हता, आता तर ऐकतही नाही असं वाटतं. त्याच्या हातात रुमालात बांधलेला डबा होता, तुझ्या पोरीनं भरून दिलेला. गाडी दिसली तसा तो एकच बोलला, "येत जाजो." एवढंच. पण त्यानं ते मला विचारल्यासारखं म्हटलं.

आर्वीहून वर्धेची गाडी आली. भरलेली नव्हती. मी चढलो, ड्रायव्हरमागच्या बाकड्यापाशी गेलो आणि आतल्या बाजूला, वाटेला लागून बसलो. दादानं खालून खिडकीतून डबा पुढे केला. तो खिडकीजवळच्या जागेवर ठेवणार होता, तू नेहमी ठेवायचीस तिथेच. मी हात लांब करून डबा घेतला आणि मांडीवर ठेवला. डब्याचा रुमाल सोडला. झटकला. खिडकीच्या जागेवर नीट पसरून टाकला.

कंडक्टर आला. इंगळे कधीच रिटायर झाले, हा नवा पोरगा होता. त्यानं रुमालाकडे पाहिलं.

"इथं कोन हाये, काका?"

"आमच्या वहिनी हायेत," मी म्हणालो. "येऊन राह्यल्या. दोन वर्धा द्या."